आपल्या बोलीतली कविता: गावची गाणी उतरवून घेण्यापासून स्वतःची ओळ रचेपर्यंत

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की विदर्भातल्या खेड्यांच्या शाळांत पोरांकडून मराठीवरच्या कविता पाठ करून घेतल्या जातात. मराठी थोर आहे, गोड आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे, असं त्यांत असतं. ते खरंच आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून हा अभिमान आणखी मोकळेपणाने बोलला जातो. पण त्याच शाळेमागच्या घरात भुलाबाईची, म्हणजे पोरींच्या सणाची, सगळी गाणी तोंडपाठ असलेली आजी बसलेली असते आणि तिच्याकडे कोणी जात नाही. पोरांनी म्हटलेल्या कवितेत त्या गावचा एकही शब्द नसतो. ती दर्यापुरात चालते तशीच दापोलीतही चालते.

मातृभाषेवरचं प्रेम कवितेत आणायचं असेल, तर गावात जे पद्य अजून जिवंत आहे ते आधी ऐकून उतरवून घ्यावं आणि मग त्याच बोलीत आपली ओळ रचावी, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्या कामाबद्दल आहे. शिक्षक, वाचनालय चालवणारे, बचत गटातल्या बाया, कॉलेजात जाणारी पोरं, कोणालाही ते जमेल. एक जाड वही, एक फोन आणि माणसांजवळ बसायला वेळ एवढं असलं की सुरुवात होते.

रिद्धपूरची रीत

हे काम विदर्भाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या सहवासातल्या एकेका माणसाला गाठून आठवणी विचारल्या, लिहून घेतल्या, आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी असेल तर ते पाठभेद सांगणाऱ्याच्या नावानिशी ‘वासना’ म्हणून पोथ्यांत नोंदलेले आहेत. आपल्या कामाचे दोन नियम यातच आले. कोणी सांगितलं ते लिहायचं, आणि दोन पाठ मिळाले तर दोन्ही ठेवायचे. कोणता ‘बरोबर’ हे ठरवत बसायचं नाही.

याच पंथातल्या केशिराजांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. तसं केलं तर आपल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. मराठी भाषा विद्यापीठ आज रिद्धपुरातच सुरू झालं आहे. वही घेऊन गावात निघताना नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्या बाया डोळ्यांपुढे असाव्यात, कारण आपल्यालाही पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायचं आहे.

कोणाकडे, कधी जायचं

गाणं हंगामाला बांधलेलं असतं. भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच्या महिन्यात आपसूक ओठावर येतात. एरवी विचारलं तर ‘आता काई आठोत नाई बाप्पा’ असं उत्तर मिळतं. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाला ललकारून म्हणायच्या यमकाच्या ओळी, श्रावण अमावास्येच्या आसपास ऐकाव्यात. त्या पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात तशा घरात म्हणून दाखवता येत नाहीत. काकड्याची भजनं कोजागिरीनंतरच्या महिन्यात पहाटे ऐकायला मिळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, तिथे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं अजून उभी राहतात. लग्नसराईत हळदीची गाणी आणि नाव घेणं असतं. जात्यावरच्या ओव्यांना मात्र आता हंगाम उरलेला नाही, कारण दळण चक्कीवर जातं. त्यासाठी उन्हाळ्याची दुपार बरी. शेवया, कुरड्या, सरगुंडे करायला चार-पाच बाया एकत्र बसतात आणि एकीला एक कडवं आठवलं की दुसरी पुढचं उचलते. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाच्या दारात फोन घेऊन उभं राहू नये. दिवसभर वाकून आलेल्या बाईला गाणं विचारणं बरं नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि आज त्या इंटरनेटवर ऐकता-वाचता येतात. काम एवढं मोठं झालं ते बायांच्या शेजारी बसून ऐकल्यामुळे. आपल्याला एका गावापुरतंच करायचं आहे.

वही एकाच आळीतून भरू नका. पाटलाच्या वाड्यातली महालक्ष्म्यांची गाणी घेतली तशीच बौद्ध वस्तीतली भीमगीतं, बाबासाहेबांवरच्या ओव्या आणि पाळणे घ्या. भजनी मंडळाची खंजिरी घ्या, धनगराच्या घरची ओवी घ्या, मुसलमान शेजारणीच्या घरात वऱ्हाडीत म्हणतात ती लग्नाची गाणी घ्या. गावाची बोली या सगळ्यांच्या तोंडी मिळून आहे, आणि अर्ध्या गावाची वही अर्धीच राहते.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. मेळघाटातल्या ढाण्यावरच्या पोराची मातृभाषा कोरकू असते, यवतमाळातल्या कोलाम पोडावर कोलामी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, गडचिरोलीच्या टोल्यावर गोंडी. ढाणा, पोड, तांडा, टोला ही सगळी वस्त्यांचीच नावं. अशा पोराला मातृभाषेवर कविता लिहायला सांगितली तर ती त्याच्याच भाषेत लिहू द्या. देवनागरीत उतरवता येते, खाली मराठी अर्थ देता येतो. मराठीचा दिवस साजरा करताना दुसऱ्याच्या मायबोलीवर पाय पडू नये.

ऐकणं आणि ध्वनिमुद्रण

पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेवा. चहा घ्या, ओळख सांगा, कोणाचे कोण ते कळू द्या. ‘जुनी गाणी म्हणा’ असं म्हटलं की हमखास ‘मले काई येत नाई’ ऐकू येतं. त्यापेक्षा आपणच एक ओळ अर्धवट म्हणावी. ‘एक लिंबू झेलू बाई, दोन लिंबं झेलू’ इतकं म्हटलं की आजी पुढचं धरते, आणि आपलं चुकलं तर हमखास दुरुस्त करते. ती दुरुस्ती फार मोलाची, कारण त्यातच तिच्या गावचा पाठ असतो.

दुसऱ्या भेटीत विचारून फोन लावा. कूलर आणि पंखा बंद करा, नाहीतर विदर्भातल्या उन्हाळ्यात सगळ्या ध्वनिमुद्रणात घरघर तेवढी उरते. फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या लुगड्यावर किंवा उशीवर हातभर अंतरावर ठेवा आणि सेटिंगमध्ये आवाजाचा सगळ्यात वरचा दर्जा निवडा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि गाणारीचं नाव बोला, आणि ‘हे वहीत लिहू का, दुसऱ्यांना ऐकवू का’ हा प्रश्न आणि तिचं उत्तरही त्यात येऊ द्या. ती परवानगी तिच्याच आवाजात राहते.

गाणं आधी सबंध म्हणू द्या. मध्ये थांबवून अर्थ विचारू नका. ताल तुटला की शब्दही निसटतात. पूर्ण झालं की तेच गाणं सावकाश, बोलल्यासारखं सांगायला लावा. गाताना आणि सांगताना शब्द बदलतात, म्हणून दोन्ही ठेवा. मग चार प्रश्न विचारा: हे कोणाकडून शिकलात, माहेर कोणतं, कधी म्हणत होते, म्हणताना हात काय करत होते. माहेरचा प्रश्न सोडू नका. बायांची गाणी लग्नाबरोबर गाव बदलतात. अचलपूरकडची लेक पुसदकडे दिली की गाणंही तिकडे जातं, आणि मग एका घरात सासूचा पाठ वेगळा, सुनेचा वेगळा सापडतो.

काही ओव्या दुःखाच्या असतात. सासुरवासाच्या, मेलेल्या लेकराच्या, कर्जापायी गेलेल्या माणसाच्या. त्यात जिवंत माणसांची नावंही येतात. अशा ओव्या उतरवून घेतल्या तरी बाहेर ऐकवण्याआधी पुन्हा, एकटीला गाठून विचारा. ती नाही म्हणाली तर तो विषय तिथेच थांबवा.

घरी आल्यावर त्याच रात्री फाईलला नाव द्या: तारीख, गाव, गाणारी, गाण्याचे पहिले दोन शब्द. दहा फाईली बिननावाच्या साचल्या की त्यांतलं काहीच कोणाला सापडत नाही.

बोली लिहायची कशी

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो. शाळेत शिकलेला हात आपोआप ‘मले’चं ‘मला’ करतो, ‘पानी’चं ‘पाणी’ करतो. तसं होऊ द्यायचं नाही. कानाला आलं ते लिहायचं. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो: आभाय, डोया, शाया. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो: मले, तुले, घराले. ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राह्यलो’ असतं, ‘जा’ऐवजी ‘जाजो’ असतं. झाडीबोलीकडे गेलात तर तिथे ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘डोरा’ ऐकू येतो. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ या वऱ्हाडच्या पट्ट्यातली बोली वेगळी, नागपूर-वर्ध्याकडची वेगळी, भंडारा ते चंद्रपूर पट्ट्यातली झाडी आणखी वेगळी. तेव्हा दुसरीकडचे नियम आपल्या गावावर लादू नका. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावचे उच्चार आणि ते आपण कसे लिहिणार याची एक यादी करा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

मात्र नियमाच्या नादात बोली ओढूनताणून खेडवळही करू नका. आजीने एका ओळीत ‘डोया’ म्हटलं आणि दुसऱ्या ओळीत ‘डोळा’ म्हटलं, तर दोन्ही तसंच लिहा. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात शाळा, रेडिओ, कीर्तन, बाजार सगळं मिसळलेलं असतं. भजनातली ओळ ती ग्रंथासारखी म्हणते आणि भुलाबाई घरासारखी म्हणते. प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करून तयार झालेली वऱ्हाडी मंचावर हशा मिळवते, पण त्या हशात बोलणाऱ्या माणसाचा मान जातो. तसं लिहू नये.

अवघड शब्दाचा अर्थ पानाच्या खाली द्या, ओळीत कंस घालू नका. तिफण, वखर, डवरा, धुरा, सोंगणी, कवेलू, गडवा हे शब्द आज पन्नाशीच्या माणसाला कळतात, त्याच्या नातवाला कळतीलच असं नाही. वस्तूचं चित्र काढता आलं तर उत्तम. शंका आली तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो आणि गावाकडचे कितीतरी शब्द त्यात मिळतात. तिथेही नसलेला शब्द हाती लागला तर गाव आणि सांगणाऱ्याच्या नावासह तो ठळक करून ठेवा.

फोनवर लिहीत असाल तर आवाजी टायपिंगवर भरवसा ठेवू नका. त्याला प्रमाण मराठीची सवय आहे. हाताने टाइप करा. ‘वऱ्हाड’ लिहिताना साधा ‘र’ घेतला तर ‘वर्हाड’ होतं. बहुतेक मराठी कळफलकांवर ‘र’ दाबून धरला की ‘ऱ’ मिळतो, त्याला हलंत देऊन ‘ह’ जोडावा.

आता स्वतःची ओळ

इतकं ऐकून झालं की कान तयार होतो. मगच लिहायला बसा. पहिला नियम असा, की कवितेत भाषेची स्तुती करू नका, भाषा बोलू द्या. ‘माय मराठी थोर आमुची’ असं लिहिलं की पुढची ओळ कुठलीही येऊ शकते. त्याऐवजी घरात कोणी कोणाला काय म्हणालं, ते घ्या.

छंद साधा ठेवा. अष्टाक्षरीत प्रत्येक ओळीला आठ अक्षरं लागतात, ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नसतं, जोडाक्षर एकच धरायचं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक असतं. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कानात ही लय बसलेली आहे, म्हणून सुरुवात यातूनच करावी. बोटांवर मोजत हे कडवं पाहा:

माय म्हने उठ पोरा
आभाय भरून आलं
डवऱ्याले जू बांधाचं
कालचं राहून गेलं

यात भाषेचं नाव कुठेच नाही. पण ‘आभाय’ आणि ‘बांधाचं’ काढून ‘आभाळ’ आणि ‘बांधायचं’ घातलं, की ती माय आपल्या गावची राहत नाही, आणि एक अक्षरही वाढतं. भाषेच्या जाण्याबद्दलच लिहायचं असेल, तर तेही घरातल्या प्रसंगातून येऊ द्या. इथे बोलणारी आजी आहे:

शायेतून आली नात
मले म्हने, “मला म्हन”
सत्तर वर्सं बोलली
ते का व्हतं मुकेपन?

ही कडवी मी या लेखासाठी रचली आहेत, ती घेऊन पुढे वाढवायला हरकत नाही. तिसऱ्या ओळीत ‘बोलले’ न म्हणता ‘बोलली’ ठेवलं, कारण वऱ्हाडातली बाई ‘मी बोलली’, ‘मी गेली’ असंच म्हणते. पोरांनी लिहिलेलं तपासताना हे व्याकरण चूक म्हणून लाल शाईने कापू नका. निबंधाच्या वहीत प्रमाण भाषा हवी, ती शिकवाही. कवितेच्या वहीत ‘मी बोलली’ राहू द्या. दोन्ही भाषा नीट येणारं पोर दोन्हीकडे सरस ठरतं.

वर्गात किंवा वाचनालयात बसवून लिहून घ्यायचं असेल, तर ‘मातृभाषा’ हा विषय फळ्यावर लिहू नका. ‘तुमच्या घरी सकाळी पहिलं वाक्य कोण बोलतं?’ असं विचारा आणि ते वाक्य जसंच्या तसं पहिली ओळ म्हणून लिहायला सांगा. पुढची ओळ आजीला विचारून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी येतं ते बऱ्याचदा थक्क करणारं असतं, कारण रागावणं, लाड, काम, तुरीचे भाव सगळं त्यात आलेलं असतं. मग अक्षरं मोजून छाटायला बसा. एखादा जिवंत शब्द वाचवायला अक्षर वाढलं तर वाढू द्या. ओवी मुळात सैल असते.

लिहिलेलं मोठ्याने म्हणा, आणि ज्याच्या तोंडची भाषा आहे त्याच्यापुढे म्हणा. ‘असं कोनी म्हनत नाई’ असं तो म्हणाला, की ती ओळ बदला.

म्हणायची जागा

मंचावरच्या स्पर्धेपेक्षा पोळा मला जास्त जवळचा वाटतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. कापसाचा भाव, पावसाची ओढ, सरकारचं धोरण, गावातलं राजकारण, सगळं त्यात येतं आणि सगळं गाव उत्तर देतं. झडती दरवर्षी नवी रचली जाते, म्हणून बोलीतली ताजी कविता ऐकवायला याहून मोठी जागा नाही. शेवटची ओळ ठरलेली, तिच्याआधी यमक जुळवायचं:

वावरात हाये कपाशी, धुऱ्यावर हाये तूर,
पोट्टं शिकून मोठं झालं, बोली राह्यली दूर,
घरी आलं तं आजीसंगं बोल रे चार राती,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

लहान पोरांसाठी दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आहे. लाकडी बैल घेऊन आलेल्या प्रत्येक पोराने स्वतःची दोन ओळींची झडती म्हणावी, आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, देताना घरच्यांनी ती आधी ऐकावी. भुलाबाईच्या महिन्यात पोरींनी जुन्या गाण्याच्या चालीवर एखादं नवं कडवं जोडावं. २७ फेब्रुवारीला शाळेत मूळ गाणाऱ्या आजीलाच पाहुणी म्हणून बोलवा, तिला खुर्ची द्या, आणि पोरांनी तिच्यासमोर तिचं गाणं म्हणावं.

वही कुठे राहील

एका ठिकाणी ठेवलेलं टिकत नाही. फोन बिघडतो, पेन ड्राइव्ह हरवतो, उधई कागद खाते. हाताने लिहिलेली मूळ वही लोखंडी पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवा. तिच्या झेरॉक्स दोन वेगळ्या घरांत असू द्या. ध्वनिमुद्रणं, परवानगी असलेली तेवढीच, इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट चढवता येतात. तिथे गाव, तालुका, बोली आणि गाण्याचा प्रकार मराठीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. गाणारीचं पूर्ण नाव द्यायचं की नाही, ते तिलाच ठरवू द्या.

दोन-तीन वर्षांत वही भरली की छोटी पुस्तिका छापता येते. तालुक्याच्या छापखान्यात साध्या कागदावर, मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे चष्म्याच्या माणसांनाही वाचता येईल. जुनी गाणी आणि नवीन रचना वेगळ्या भागांत ठेवा. जुन्याखाली सांगणारीचं नाव आणि माहेर, नव्याखाली रचणाऱ्याचं नाव. पहिली प्रत जिने गाणं दिलं तिच्या घरी नेऊन द्या. तिला वाचता येत नसेल तर नातीला मोठ्याने वाचायला लावा, आणि आजी जिथे थांबवून ‘असं नोहे, असं हाये’ म्हणेल तिथे त्याच प्रतीवर पेनाने दुरुस्ती लिहून घ्या. पुढच्या छपाईला ती प्रत लागेल.